सत्त्याहत्तर मतं आणि पाच बूथ

“गोव्यात कागद आलाय मरे! २०१७ साली चाळीसच्या चाळीस मतदारसंघांत मताची चिठ्ठी छापणारी व्हीव्हीपॅट यंत्रं लावणारं पहिलं राज्य आपलं. १९९९ ला अख्खी विधानसभा ईव्हीएमवर घेतली तीही आपणच. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

मास्तरांचा हा सवाल दत्ताबाबला होता. दत्ताबाब सह्यांसाठी एक मजकूर लिहून घेऊन आला होता: पुढच्या विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजा, अशी नागरिकांची मागणी. फोंड्याच्या वरच्या बाजारात, दुकानांची शटरं खाली यायच्या वेळेला आमचा कट्टा भरतो. त्या संध्याकाळी भजी-पाव संपायच्या आतच वाद पेटला. जे बोलणं झालं ते लिहून काढतोय, कारण हा विषय नुसत्या पक्षांच्या भरवशावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

मास्तर निवृत्त शिक्षक. नोकरीत असताना बऱ्याच निवडणुकांना प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे मतदान केंद्राचे प्रमुख म्हणून गेलेले. यंत्राबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की त्यांना लागतं, आणि ते साहजिकच आहे. “सातला मतदान, म्हणून आम्ही साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान सुरू करतो,” ते म्हणाले. “उमेदवारांच्या एजंटांना समोर बसवून निदान ५० मतं टाकायची. कंट्रोल युनिटवर निकाल दाखवायचा, चिठ्ठ्या मोजून ताळा करायचा. मग क्लिअर, यंत्र पुन्हा शून्यावर. त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील. मतदान संपलं की १७-सी फॉर्मवर किती मतं पडली तो आकडा, आणि प्रत्येक एजंटाच्या हातात प्रत. यंत्राला ना वायफाय, ना इंटरनेट. कोण घुसणार आणि कुठून?”

“कोणी घुसलं असं मी म्हटलंच नाही,” दत्ताबाब म्हणाला. “काचेमागे दिवा लागतो, चिठ्ठी दिसते. क्रमांक, नाव, निशाणी. सात सेकंद. मग ती कापली जाते आणि खाली पेटीत पडते. तिथपर्यंत सगळं बरोबर. पण मास्तर, पुढे तिला मोजतं कोण?”

इथे वकीलबाब पुढे सरसावले. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातले पाच बूथ सोडत काढून निवडायचे आणि फक्त त्यांच्या चिठ्ठ्या मोजायच्या. आधी एकच मोजायचे. ८ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने एकाचे पाच केले. विरोधी पक्षांनी निम्म्या मागितल्या होत्या, निवडणूक आयोगाने सांगितलं निकालाला पाचसहा दिवस उशीर होईल. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी पुन्हा फेटाळली गेली. एक वाट मात्र उघडली: दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत अर्ज करून पैसे भरले, तर पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मिळते.

“म्हणजे मतदाराला काहीच नाही,” सुशांत म्हणाला.

“मतदाराला नाही,” वकीलबाब म्हणाले.

शांबा बँकेत आहे. तो इतका वेळ गप्प होता. त्याने पेन काढलं आणि दत्ताबाबच्याच कागदाच्या पाठीवर आकडे मांडले. त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं मला हेच वाटलं. “२०२२ ला आपल्या फोंड्याचा निकाल किती मतांनी लागला? ७७. सांत आंद्रेचा? ७६. आता ७७ चा फरक उलटायला ३९ मतं इकडची तिकडे झाली की पुरे. एवढी मतं एका बूथवर सहज मावतात. आपल्याकडे एका मतदारसंघात सरासरी चाळीसेक बूथ. समजा एकाच बूथवर घोळ आहे, हेतूने असो की चुकीने. चाळिसातले पाच उचलले, तर नेमका तो बूथ हाताला लागण्याची शक्यता आठात एक. सात वेळा तो निसटणार.”

“फोंड्यात घोळ झाला म्हणतोस?” मास्तर एकदम तापले.

“नाही हो. झाला असं कोणी दाखवलेलं नाही आणि मी म्हणतही नाही. असा घोळ झाला असता तर तो सापडला असता का, एवढंच मी मोजतोय.”

हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि वादाच्या भरात तो नेहमी हरवतो. यंत्रात फेरफार होतो की नाही हा एक प्रश्न. फेरफार झालाच तर पकडायची सोय आहे का, हा वेगळा. पहिल्यावर लोक तासन्‌तास भांडतात. कायदा बदलायचा तो दुसऱ्यासाठी. आणि पाचाचा आकडा तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. आमच्याकडे चाळिसातले पाच. महाराष्ट्रात एकेका मतदारसंघात सरासरी तीनशेहून जास्त बूथ, तिथेही पाचच.

मास्तरांनी मग आपलं हुकमी पान टाकलं. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे चार कोटींहून जास्त चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि फरक निघाला तो फक्त एका ठिकाणी: २०१९ ला आंध्रातल्या मैदुकूर मतदारसंघातल्या एका केंद्रावर. कारण? मॉक पोलची मतं क्लिअर करायची राहून गेली. “यंत्राची चूक नव्हती. आमच्यासारख्याच कुणा ऑफिसरची होती.”

“बघा,” दत्ताबाब शांतपणे म्हणाला, “आणि ती चूक कशामुळे कळली? चिठ्ठ्या मोजल्या म्हणून. जिथे मोजल्या नाहीत तिथे असं किती ठिकाणी राहून गेलं, ते तुम्ही सांगा.”

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं, कारण तोंडाला येईल ते बोलून वेळ मारून नेणारा हा माणूस नव्हे.

कागद नसला तर काय होतं, याचं उदाहरण वकीलबाबांनी दिलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा काउंटीत २००६ साली संसदेच्या एका जागेसाठी निवडणूक झाली. यंत्रांवर सुमारे १८,००० मतदारांचं त्या जागेसाठीचं मतच नोंदलेलं नव्हतं, आणि निकाल लागला ३६९ मतांनी. लोकांनी मुद्दाम मत दिलं नाही, की स्क्रीनवर ती जागा त्यांच्या नजरेतून सुटली, की यंत्र बिघडलं? तपासायला कागदच नव्हता. फेरमोजणी म्हणजे तोच आकडा पुन्हा वाचणं. तिथल्या नागरिकांच्या आणि संगणकतज्ज्ञांच्या चळवळीने कागदाचा आग्रह धरला तो अशा अनुभवांतून. जर्मनीत तर एका बाप-लेकाने दाद मागितली आणि ३ मार्च २००९ ला तिथल्या घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला: मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला, कुठलंही खास ज्ञान नसताना, स्वतः पडताळता आले पाहिजेत.

“मग सरळ मतपत्रिकाच आणा ना,” सुशांत म्हणाला. “पंचायतीला आपण अजून कागदावरच शिक्का मारतो. मोजायला वेळ लागतो, लागू दे. मारकडवाडीच्या लोकांना काय वेगळं हवं होतं?”

मारकडवाडी सगळ्यांना आठवत होती. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात. २०२४ च्या विधानसभेचा गावातला आकडा लोकांना पटला नाही, म्हणून ३ डिसेंबरला मतपत्रिका छापून गावानेच पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही. सुशांतच्या मते तिथे लोकशाहीचा गळा दाबला. मास्तरांच्या मते उद्या हरलेल्या प्रत्येक गावाने पेट्या मांडल्या तर निवडणुकीला अर्थ काय उरेल?

मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच अस्वस्थ व्हायला होतं. गावाने स्वतः पेट्या मांडणं हा उपाय नाही. पण त्या बूथची चिठ्ठ्यांनी भरलेली पेटी सीलबंद पडलेली असताना, ती उघडून मोजा एवढं मागायचा हक्क गावाला नव्हता. तो असता तर ती वेळच आली नसती. मतपत्रिकेकडे सरसकट परत जाण्याने बाद मतांची कटकट परत येणार, ते मला नको. कागद यंत्रातच आहे. खर्च झालाय, पेटी भरलीय. वहीत जमाखर्च लिहायचा आणि वर्षअखेरीला ताळाच करायचा नाही, असा दुकानदार आमच्या बाजारात टिकणार नाही.

शेवटी गाडी नियमावर आली. १९६१ च्या निवडणूक नियमांत ५६-डी म्हणून कलम आहे. उमेदवार किंवा त्याचा एजंट कुठल्याही बूथच्या चिठ्ठ्या मोजा म्हणून लेखी अर्ज करू शकतो, आणि चिठ्ठ्या व यंत्र यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. मात्र अर्ज मान्य करायचा की फेटाळायचा हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात. वकीलबाबांचं म्हणणं, बोट ठेवायचं ते इथे. नियम बदलणं केंद्र सरकारचं काम, पण किती बूथ मोजायचे हे आयोग आपल्या पातळीवर वाढवू शकतो. गोव्यातला मतदारसंघ तीसेक हजार मतदारांचा. सगळ्या चिठ्ठ्या मोजून दाखवायला इतकी सोपी राज्यं देशात थोडीच.

दत्ताबाबचा मजकूर मग कट्ट्यावरच पुन्हा लिहिला. फरक एक टक्क्याहून कमी असेल तिथे सगळ्या चिठ्ठ्या मोजा, कुणाच्या अर्जाची वाट न बघता. बाकी ठिकाणी पाच हा ठोक आकडा सोडा आणि बूथच्या संख्येच्या प्रमाणात मोजा. प्रत्येक बूथचा १७-सी त्याच रात्री लोकांना बघायला मिळू दे. “यंत्रांवर आमचा विश्वास नाही” हे मूळ मजकुरातलं वाक्य मास्तरांनी खोडायला लावलं. ते असेपर्यंत सही करणार नाही म्हणाले. दत्ताबाब थोडा वेळ अडून बसला, मग त्याने खोडलं. मास्तरांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक मागणी वाढवली: मॉक पोल क्लिअर केल्यावर शून्य दाखवणारा पडदा प्रत्येक एजंटाने पाहिल्याची सही वेगळ्या रकान्यात घ्या.

सुशांतने सही केली नाही. हे अर्धवट आहे, मला मतपत्रिकाच हवी, म्हणाला. कागद आता पणजीला मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाईल, एक प्रत दिल्लीला आयोगाकडे. आणि ज्यांना पोलिंग एजंट म्हणून बसायचंय, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांना १७-सी कसा वाचायचा ते मास्तर रविवारी सकाळी शिकवणार आहेत. सुशांत म्हणाला, त्याला मात्र मी येईन.