बिनकागदाचा माणूस

परवा रात्री माझ्या नावावरचा एक डबा खोडला गेला. डबा म्हणजे साधा प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा. आत रबर लावलेली चिमुकली वही आणि चार-दोन फुटकळ वस्तू. कुणीतरी तो रानात दडवतो, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो, आणि माझ्यासारखी धडधाकट, कमावती, लग्न झालेली माणसं हातात जीपीएस घेऊन काट्याकुट्यांतून तो हुडकत हिंडतात. जिओकॅशिंग म्हणतात याला. डबा सापडला की वहीत सही करायची, डबा होता तिथं ठेवायचा आणि घरी येऊन 'सापडला' अशी नोंद टाकायची. मी टाकली. डब्याच्या मालकानं ती पुसून टाकली. वर निरोप: 'वहीत तुमची सही नाही. शिवाय एक पान फाडलेलं आहे. कृपया खेळ खिलाडूपणे खेळा.'

अहो, सही केली होती! त्याच फाडलेल्या पानावर!

आता आधी माझ्या यंत्राबद्दल बोलतो, कारण घरात हा विषय निघाला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेला घोळ काढून घेतला. तोवर यंत्र शंभरेक मीटर इकडंतिकडं दाखवायचं, म्हणजे देवळात बसलेला माणूस यंत्राच्या हिशेबानं सरळ गुत्त्यात. घोळ निघाला आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं रानात एक बादली नेऊन ठेवली. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल, असलंच काहीबाही. ठिकाण इंटरनेटवर जाहीर केलं. तीन दिवसांत दोघांनी ती बादली हुडकून काढली. अब्जावधी डॉलर खर्चून सोडलेले उपग्रह हाताशी आल्यावर माणसानं पहिलं काम काय केलं, तर बादली लपवली.

सुरुवातीची मंडळी दर डब्यामागं दोन-चार पानं छापून न्यायची. यंत्रात मावायचे फक्त नाव आणि आकडे. वर्णन, खूण, आधी येऊन गेलेल्यांचे शेरे हे सगळं कागदावर. खूणही सरळ नसे. 'ए'च्या जागी 'एन', 'बी'च्या जागी 'ओ', अशी फिरवलेली अक्षरं उन्हात उभं राहून पेन्सिलीनं सुलटी करायची. मग काही हौशी लोक एका हातात जीपीएस आणि दुसऱ्या हातात पाम कंपनीचा छोटा संगणक धरून हिंडायला लागले. २००८ मध्ये जीपीएस बनवणाऱ्या गार्मिन कंपनीनं कोलोराडो आणि ओरेगन ही यंत्रं काढली आणि सगळा संसार एका पडद्यावर आला. आता एका फायलीत हजार डबे मावतात, खूण बोट लावलं की सुलटी होते. कागद नाही, पेन्सिल नाही. मीही पेपरलेस झालो. आपल्याकडं डबेच मोजके असल्यामुळं हजारांची जागा जवळपास रिकामी आहे, ते सोडा.

तर हा डबा औसा-तुळजापूर रस्त्यापासून आत, एका गावच्या शिवारात होता. गावाचं नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढं येईलच. उजनीला थांबून बासुंदी खाल्ली. (खेळाशी याचा संबंध नाही. पण त्या रस्त्यानं जाऊन बासुंदी न खाणाऱ्या माणसाशी मी व्यवहार करत नाही.) सोयाबीनच्या दोन रानांमधल्या बांधावर एक जुनी बाभूळ. खुणेत लिहिलेलं: 'बुंध्याशी, दगडाखाली'. झाडाखाली गेलं की यंत्र बावचळतं. मग पाच पावलं पुढं, पडद्याकडं बघ, तीन मागं, पुन्हा पडदा, दोन आडवी, चपलेतून आरपार आलेला काटा काढ, पुन्हा पुढं. खेळणारे सगळे असंच करतात. मात्र लांबून बघणाऱ्याला ते कसं दिसतं याचा विचार या खेळात कुणी केलेला नाही.

"आलाव का एकदाचे!"

मागं वळून बघितलं. धोतर, सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. वय सत्तरीपुढचं, आवाज पंचविशीतला.

"कोण, मी?"

"मंग काय बाभळीला बोलायलो?"

"मामा, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी जमीन मोजणीवाला नाही."

"आसंच म्हनतेत. मागचा बी आसंच म्हनला. आन पलीकडं जाऊन जेवला."

त्यांनी सदऱ्यात हात घालून साडीच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत दुसरी पिशवी. तिच्यात सातबारा, फेरफार, नकाशाची नक्कल, मोजणीच्या पैशाचं चलन. घड्यांवर कागद विरलेले, त्यांवर चिकटपट्टी, ती पिवळी पडली म्हणून तिच्यावर दुसरी. एकेक कागद त्यांनी बांधावर अंथरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकावर ढेकूळ ठेवलं. चलनावर मात्र बोट ठेवलं.

"तातडीचे पैसे भरलो, सायेब. तातडीचे. तवापासून दोन सोयाबीन निघाले."

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. मनापासून सांगितला.

"डबा कशाचा?"

"प्लॅस्टिकचा."

"आत काय आस्तंय?"

"वही. एखादं खेळणं, नाणं."

"सोन्याचं?"

"नाही हो."

"मंग कशाला हुडकायलाव?"

पाव शतक झालं, जगात लाखो लोक हा खेळ खेळतात, आणि या प्रश्नाला कुणाकडंही धड उत्तर नाही.

"पगार किती देतेत?"

"पगार नाही. उलट मीच वर्षाला वर्गणी भरतो."

यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं माणसं पोराला दारू लागलेल्या बापाकडं बघतात.

"कागद दाखवा."

"कागद नाही मामा. सगळं यात आहे. पेपरलेस."

भर दुपारी त्या पडद्यावर माझंच तोंड तेवढं दिसत होतं. त्यांनी डोक्यावर टॉवेल घेतला, मलाही आत घेतलं, आणि त्या अंधारात आम्ही दोघं गाल घासत यंत्र बघू लागलो. इंग्रजी अक्षरं. मधोमध एक मोठा बाण.

"बान कुनाच्या रानाकडं हाय?"

"तो डब्याकडं..."

"पलीकडच्याच्या! मी काय म्हनत होतो? हद्द तिकडंच हाय! आरं ये बापू! ये हिकडं! मशीन बोलली!"

पलीकडचा म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ, दोन पुतणे आणि मोटारसायकल. चुलतभावानं यंत्र माझ्या हातातून घेतलं, बाभळीला वळसा घालून आपल्या रानात जाऊन उभा राहिला. डबा मधे बांधावर, त्यामुळं बाण साहजिकच मामांच्या रानाकडं वळला. "आता बगा!" मग मामा यंत्र घेऊन अलीकडं. मग तो पलीकडं. बराच वेळ उपग्रह दोघांनाही न्याय देत होते. शेवटी मी ओरडून सांगितलं की या यंत्रात चार-पाच मीटरचा फरक पडतो, झाडाखाली त्याहून जास्त. त्यांचं भांडण दीड हाताचं होतं. पाच मीटर ऐकल्यावर दोघांच्याही चेहऱ्यावर उजेड पडला, कारण पाच मीटर आपल्याच बाजूनं मिळणार याची दोघांनाही खात्री.

आणि कागद, कागद, कागद. हसू येतं, पण इथं कागदाची चेष्टा परवडत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, त्याचे कागद मात्र उर्दूत, मोडीत बांधून तसेच राहिले. २०२३ पासून निम्मा मराठवाडा पणजोबाच्या नावापुढं 'कुणबी' लिहिलंय का, हे बघायला ती दप्तरं उपसतोय. मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना कधी नव्हे एवढा मान आलाय. अशा मुलखात मी उजळ माथ्यानं म्हणतो, कागद नाही! बरं, यांना मोबाइल कळत नाही म्हणावं तर तेही खोटं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली तेव्हापासून शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये टाकायचा आहे. पुतण्या सांगत होता, रेंज धरायला विहिरीच्या कठड्यावर चढावं लागतं. चक्र फिरत राहतं. नोंद झालीच, तर पुढच्या टेबलावर म्हणतात, याची प्रिंट आणा. म्हणजे तलाठ्याचं चालणं वाचलं, शाई वाचली, आणि प्रिंटचे पैसे, जायचं-यायचं भाडं, अर्धा दिवस शेतकऱ्याच्या डोक्यावर. हे पेपरलेस कुणासाठी केलंय, एकदा कुणीतरी सांगा.

असो. डबा.

"ह्योच का?" म्हणत मामांनी काठीनं दगड उलथला. खाली डबा! "ह्ये तर कवाचं हितंच हाय. मी म्हनलो मोजणीची खूण आसंल. म्हनून हालिवलो न्हाई."

"आमी बी हात लावलाव न्हाई," चुलतभाऊ म्हणाला. भावकीतली ही एकमेव गोष्ट, जिच्यावर दोन्ही घरांचं एकमत होतं.

वही उघडली. आधी आलेल्यांच्या सह्या, तारखा. मामांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा आवाज घोगरा झाला.

"पंचाच्या सह्या हायत्या."

पुढचं भराभर सांगतो, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं. 'लिवून द्या' म्हणाले. पेन मामांचं. मी लिहिलं की मी मोजणी खात्याचा नाही आणि मी काहीही मोजलेलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, 'डबा बांधावर मिळाला' हे घाला. मामा म्हणाले, 'सध्याच्या' बांधावर. 'सध्याच्या' या शब्दावरून मोटारसायकल दोनदा चालू होऊन बंद झाली. शेवटी तो शब्द राहिला. खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. मामांनी पान अलगद फाडलं, घडी केली, पिशवीतल्या पिशवीत ठेवलं. चुलतभावानं त्याआधी पुतण्याकडून फोटो काढून घेतला होता.

मी म्हणालो, आता वहीत माझी एक सही करू द्या. मामांनी पेन खिशाला लावलं. "एकदा केलाव की. दोन जागी सही करनारा मानूस खोटा." डबा त्यांनी स्वतःच्या हातानं जागेवर ठेवला आणि वर आधीपेक्षा मोठा धोंडा.

हे सगळं मी डब्याच्या मालकाला सविस्तर लिहून कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं: 'त्या पानाचा फोटो पाठवा.' मामांना फोन लावला, तर पान वकिलाकडं आहे. चुलतभावाचा पुतण्या फोटो द्यायला तयार आहे, पण सोमवारी तहसीलला तारीख लागलीय, साक्षीला या म्हणतो. येताना आधारची झेरॉक्स आणा, दोन प्रती, दोन्हींवर सही.

तासाभरानं मामांचाच फोन आला. सोमवारचंच सांगत होते.

"या बरं का सायेब. आन जेवायला आमच्याकडंच. पलीकडं जेवलाव तर बगा."