घोरपडीसाठी माशांची पेटी कशी निवडावी

घोरपड पाळायची ठरवलीत? उत्तम. आता आधी घोरपड आणा, राहण्याच्या जागेचं मागाहून बघू. वरातीमागून घोडं आलं म्हणून लग्न लागायचं थोडंच थांबतं? जनावर कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर आणि तुम्ही परतीच्या वाटेवर फोनमध्ये 'घोरपडीला काय काय लागतं' असं शोधताय, यात जी मजा आहे ती आधी पिंजरा बांधून महिनाभर रिकाम्या पिंजऱ्याचं तापमान मोजत बसणाऱ्या अरसिकांना काय कळणार!

पेटी घ्यायची ती काचेची, आणि माशांचीच. मासे मेल्यापासून माळ्यावर पडलेली एक असतेच प्रत्येकाकडे. अडीच फुटी. सॅव्हाना मॉनिटर (मॉनिटर म्हणजे घोरपडच, ही आफ्रिकेतली) पिल्लू असताना शेपटीसकट जेमतेम वीतभर असते. त्या पेटीत ते इतकं एवढंसं दिसतं, की जागा जरा जास्तच झाली असं तुम्हाला वाटेल. पुढे ते तीन, साडेतीन फुटांचं होतं, कधी चार, पण तोवर कोण जगलंय? घोरपड तर नाहीच.

शिवाय लहान पेटीत ठेवलं की प्राणी लहानच राहतो, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या मुलालाही पहिलीतलेच बूट दहावीपर्यंत घाला. पाय आपोआप वाढायचे थांबतील.

जात निवडताना पिल्लू किती गोंडस आहे एवढंच बघा. वॉटर मॉनिटरचं पिल्लू काळ्यावर पिवळे ठिपके असलेलं, फारच देखणं. मोठं झाल्यावर दोन मीटरच्या आसपास जातं आणि त्याला डुंबायला हौद लागतो. तुमच्याकडे न्हाणीघर आहे ना? मग झालं तर. पाहुण्यांना तेवढी कल्पना देऊन ठेवा. नाइल मॉनिटरही असाच गोड. फ्लोरिडातल्या केप कोरलमध्ये 1990 च्या सुमारापासून नाइल मॉनिटर कालव्यांच्या काठाने मोकळे फिरताहेत. आफ्रिकेतून पोहत नसतील गेले, कुणीतरी हौसेनेच नेले असतील. उलट ॲकी नावाची छोटी ऑस्ट्रेलियन घोरपड शेपटीसकट साठ-सत्तर सेंटिमीटरवर थांबते. तिला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी जागा दिली तर निदान सुरुवात तरी होते. म्हणून ती घेऊ नका. तिच्यासोबतच्या फोटोत माणूस शूर दिसत नाही.

कागदपत्रं मागू नका. वॅरॅनस, म्हणजे घोरपडींच्या, वंशातल्या सगळ्याच जाती साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात आहेत आणि मराठीत जिला नुसतं घोरपड म्हणतात ती बंगाल मॉनिटर तर पहिल्याच, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात आहे. पण करार देशांनी केलाय, तुम्ही सही केली होती का?

आता उष्णता. एकच दिवा घ्या, अगदी बारीक झोताचा, आणि पेटीच्या मधोमध लटकवा. तळाशी विजेवर तापणारा तो नकली दगडही ठेवा, शोभा येते. तीन फुटी जनावराच्या पाठीवर बशीएवढं वर्तुळ तापेल आणि बाकीचं अंग गारच राहील. अंग गार आहे म्हणून ते दिव्याखालून हलणार नाही आणि हललं नाही म्हणून पाठीची कातडी भाजत राहील. तुम्ही म्हणाल, 'किती आवडतं बघा तिला ऊन!' काही खुळे लोक तीन-चार हॅलोजन शेजारी शेजारी लावतात, म्हणजे डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सगळं अंग एकदम तापतं. दिव्याखालचा पृष्ठभाग पन्नास-साठ अंशांपर्यंत नेतात आणि दुसरं टोक पंचवीसच्या आसपास ठेवतात, म्हणजे कुठे बसायचं ते घोरपडच ठरवते. तुमच्या अडीच फुटी पेटीत हे जमणारच नाही. तिथे एक तर सगळी भट्टी, नाही तर सगळं गारठलेलं. वर जाळीचं झाकण टाकलंत की उरलीसुरली उष्णता आणि ओलावा दोन्ही निघून जातात. तापमान बघायला काचेवर चिकटवायची ती घड्याळासारखी तबकडी आणा. ती काचेचं तापमान दाखवते, पण आकडा तर दिसतो ना! लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारी टेम्प गन वगैरे थेरं शंकेखोरांची.

उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण देणारी ट्यूब काचेच्या बाहेरून लावा. काच यूव्हीबी अडवते, पण खोली झकास उजळते.

पाण्याचं भांडं लहानच हवं. मोठं ठेवलं की ती आत जाऊन बसते, बसली की तिथेच घाण करते आणि मग पाणी रोज बदलावं लागतं.

खाऊ म्हणून उंदीर. रोज. रानातली सॅव्हाना मॉनिटर नाकतोडे, भुंगेरे, गोगलगायी असलं काहीबाही खाऊन काटक राहते, पण गुबगुबीत घोरपड फोटोत खुलून दिसते.

कुलूप कशाला? घोरपडीला काय कळतंय काच सरकवायला. (सोफ्याखाली बघा. फ्रिजमागेही.)

राहता राहिली माती. घालू नका. तळाला वर्तमानपत्र अंथरा, नाही तर ती हिरवी प्लास्टिकची हिरवळ. झटकली की झालं. मातीचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे ते काय म्हणतात माहीत आहे? म्हणे सॅव्हाना मॉनिटर हा बिळात राहणारा प्राणी आहे. म्हणे निदान दोन फूट खोल, जरा ओलसर, वाळू मिसळलेली माती हवी, खणल्यावर बीळ ढासळणार नाही अशी. वर कितीही रखरखीत ऊन असलं तरी बिळात दमट गारवा असतो, तिथे ती तासन्‌तास पडून असते आणि तोच ओलावा तिला जगवतो. हे मी गंमत म्हणून लिहायला घेतलं होतं, पण एकदा हिशेबच करू. आठ फूट बाय चार फुटांच्या पिंजऱ्यात दोन फूट माती म्हणजे सुमारे 1.8 घनमीटर. वजन अडीच टनांच्या घरात. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी स्लॅबला विचारा. लाकडी पिंजरा असेल तर आतून तलावाचं प्लास्टिक लावल्याशिवाय माती भरू नका, वर्षभरात तळ कुजून खाली येईल. एवढं ऐकल्यावर निम्मे लोक म्हणतात, 'छे, एवढं आपल्याला नाही जमणार.' मला त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. उरलेले म्हणतात, 'माझी तर वर्तमानपत्रावर मजेत आहे.'

मजेत! ओलावा नाही मिळाला तर कात सुटत नाही. बोटांवर तिची कडी राहते, सुकते, आवळत जाते, रक्त थांबतं आणि बोटाचं टोक काळं पडून गळतं. आतून मूत्रपिंडं निकामी होत असतात ते दिसतही नाही. दिसतं तेव्हा सांधे सुजलेले असतात आणि डॉक्टरकडेही करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आणि खणायची ऊर्मी वर्तमानपत्राने जात नाही. ती खणतच राहते. काचेचा कोपरा खणते, दिवसभर, पुढचे दोन्ही पाय वरखाली करत, नाकाचं सालपट निघेपर्यंत, कारण पारदर्शक भिंत हा प्रकार तिला कळत नाही. मग त्याचा व्हिडिओ काढायचा. खाली गाणं लावायचं. 'आमची बया नाचतेय!' आणि त्याखाली बदाम. शेकड्यांनी बदाम. 'किती गोड!' 'हाय करतेय!' हाय नाही करत आहे ती. बाहेर काढा म्हणतेय.

जाऊ दे. उपरोध मला एवढाच झेपतो.

हे सगळं मी कशावरून लिहितोय ते सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थाने 'चार दिवस बाहेर जातोय, सांभाळशील ना?' म्हणून एक पेटी माझ्या दारात आणून ठेवली. माशांची. आत अडीच फुटांची सॅव्हाना मॉनिटर, पेटीएवढीच लांब, म्हणून अर्धगोलात वळून पडलेली. पाठीवर तळव्याएवढा भाजल्याचा डाग. पुढच्या उजव्या पायाची दोन बोटं अर्धीच. पोट एवढं सुटलेलं की चालताना जमिनीला घासत होतं. सोबत चिठ्ठी: 'रोज एक उंदीर, फार प्रेमळ आहे.' प्रेमळ नव्हती रे, तिच्यात जीवच उरला नव्हता. हल्ला करायलाही उष्णता लागते अंगात.

अरे, पिंजरा आधी बांधायचा असतो. पूर्ण मोठ्या जनावराच्या मापाचा, पहिल्या दिवसापासून. पिल्लू त्यात हरवत नाही, लपायला जागा दिलीस की सुखाने वाढतं. जागा नसेल, अडीच टन माती नको असेल, विजेचं बिल नको असेल, तर घोरपड आणू नये. कुणी जबरदस्ती केली होती का तुझ्यावर? 'मला कुणी सांगितलंच नाही' हे तू मला फोनवर ऐकवलंस. विचारलं होतंस कुणाला? पिशवी मांडीवर यायच्या आधी? मलाच विचारायचं होतंस, दोन इमारती सोडून राहतो मी. मी 'नको' म्हटलं असतं म्हणूनच विचारलं नाहीस ना?

डॉक्टरांनी जखम साफ केली. तिला आता माझ्या मागच्या खोलीत, मातीत ठेवली आहे. पहिले दोन दिवस नुसती पडून होती. तिसऱ्या दिवशी खणायला लागली, संध्याकाळपर्यंत आत शिरली आणि त्यानंतर मला तिचं फक्त शेपटाचं टोक दिसलंय. बोटं काही परत येत नाहीत.

तुझी पेटी जिन्याखाली ठेवली आहे, ती घेऊन जा. घोरपड मिळणार नाही.