कॉन्ट्रॅक्टरची चौकशी खालच्या मजल्यावर करावी

ठाण्यात बाथरूम तोडायचं ठरलं, की ही बातमी आधी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कळते आणि मग घरातल्यांना. लगेच प्रत्येकाकडे 'आपला एक माणूस' निघतो. हा माणूस अत्यंत प्रामाणिक असतो, त्याचा रेट वाजवी असतो आणि सध्या तो गावाला गेलेला असतो. मग जो गावाला गेलेला नाही, त्याला बोलवावं लागतं.

तो मोबाइल पुढे करतच घरात शिरतो. स्क्रीनवर चकचकीत बाथरूम. मला या फोटोंत काडीचाही रस नाही. एक तर घोडबंदर रोडपासून ऐरोलीपर्यंत सगळ्यांकडे एकच बाथरूम असतं: राखाडी लादी, काळे नळ, आरशामागे उजेड. शिवाय नवी लादी पहिल्या आठवड्यात कुणाचीही सुंदरच दिसते. खरी भानगड लादीखाली असते. लादी काढून उघड्या केलेल्या स्लॅबचा, वॉटरप्रूफिंगच्या कोटचा, पाणी भरून ठेवलेल्या सनकचा (म्हणजे बाथरूमखालच्या दाबलेल्या स्लॅबच्या खड्ड्याचा) फोटो त्याच्याकडे असेल, तर मात्र चहा टाकायला हरकत नाही.

जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता मागायचा, तोही किमान वर्षभर जुन्या कामाचा. पत्ता मिळाला की त्या घरी न जाता त्याच्या खालच्या घराची बेल वाजवायची. वरचे काका कॉन्ट्रॅक्टरचं कौतुकच करणार. लाख-दीड लाख घालून बसलेला माणूस आपण फसलो असं परक्यापुढे कशाला सांगेल? खालच्या काकूंना असला संकोच नसतो. त्या थेट बाथरूममध्ये नेऊन छताकडे बोट दाखवतात. छत कोरडं असेल तर निम्मं काम झालं. ओल असेल तर ती वाचता येते. पाइपभोवती तपकिरी कडेचं वर्तुळ दिसलं, तर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या, सांध्यावर संशय घ्यावा. कोपऱ्यातून पसरत आलेली ओल आणि पोपडे दिसले, तर वॉटरप्रूफिंग कोपऱ्यात सुटलेलं असतं. थेंब दिवसरात्र पडत असेल तर पाण्याची लाइन गळते. वरच्यांच्या आंघोळीनंतरच पडत असेल तर निचऱ्याची लाइन किंवा फरशी. आणि छताच्या एवढ्याशाच चौकोनाला ताजा रंग असेल, तर काकूंना काही न विचारता आभार मानून निघावं.

मध्येच एक सांगतो, कारण पुढे ते राहून जातं. फ्लॅट रेरा नोंदणीच्या प्रकल्पातला असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर कॉन्ट्रॅक्टर शोधूच नका. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवल्यावर बिल्डरला तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. आपण आधी हातोडा घातला, की बिल्डर आपल्याच हातोड्याकडे बोट दाखवायला मोकळा.

आता कोटेशन. 'पूर्ण बाथरूम, लमसम, टेन्शन नका घेऊ' हे कोटेशन नव्हे, हा आशीर्वाद झाला. तोडफोड, राडारोडा खाली उतरवणं आणि उचलून नेणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लादी, ग्राउट (सांधे-फटी भरायचा मसाला), इलेक्ट्रिक हे वेगळं लिहून घ्यावं, आणि माल कुणाचा तेही. लादीची मजुरी ब्रासवर असेल तर एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ७ बाय ४ च्या बाथरूमचा घेर २२ फूट. ७ फुटांपर्यंत लादी लावली तर १५४. त्यातून अडीच बाय सातचं दार आणि दोन बाय दोनची खिडकी वजा जाता साधारण १३२. जमिनीचे २८ धरून १६०, म्हणजे १.६ ब्रास. कॉन्ट्रॅक्टरच्या टेपने हेच बाथरूम १.८ ब्रास भरतं, कारण त्याची टेप दार-खिडकीवरून हवेत चालत जाते. दार-खिडकी वजा होणार की नाही, हे आधीच कागदावर यावं. लादी घेताना कटिंगसाठी दहा टक्के जास्त घ्या आणि एकाच बॅचची घ्या. नंतर आणलेली लादी तीच असते, फक्त छटा तिची नसते.

त्याला दोन-तीन प्रश्न अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारायचे. 'व्हिट्रिफाइड लादी कशावर बसवणार?' ही लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे भिंतीवर नुसत्या सिमेंटने ती धड धरत नाही. टाइल अॅडेसिव्ह लागतं, तेही दात्यांच्या थापीने सगळीकडे पसरून. मागे पाच गोळे चिकटवून लादी दाबणारा मिस्त्री नंतर ओळखता येतो: नाण्याने ठोकलं की लादी डबडब वाजते. दुसरा प्रश्न, 'जुन्या लादीवरच नवी लावली तर?' यावर जो 'हो, खर्च वाचेल' म्हणतो, त्याला लिकेज बंद करायचं नाही, झाकायचं आहे. शिवाय जमीन पाऊण इंच वर येते, पाणी उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये येतं आणि बाथरूमचं दार उघडेनासं होतं.

आणि सनक. बऱ्याच बिल्डिंगांत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलक्या ब्लॉकचे तुकडे भरतात. इथे काही मंडळींची प्रतिभा बहरते. तुमचीच फोडलेली जुनी लादी, तुमचंच प्लास्टर आणि बिगाऱ्याच्या तंबाखूच्या पुड्या त्याच खड्ड्यात जातात, वर नवी लादी बसते. राडारोडा उचलण्याचे पैसे मात्र बिलात पूर्ण. म्हणून गोण्यांचा दर ठरवताना त्या गेटवर मोजून बाहेर जाणार, हेही ठरवावं. सोसायटीचा वॉचमन एरवी कसलीच नोंद ठेवत नसला, तरी राडारोड्याच्या गोण्या चोख मोजतो.

कॉन्ट्रॅक्टरचा कस मात्र लागतो पाणी भरून ठेवण्यात. स्लॅब साफ करून पाइपांभोवतीच्या फटी ग्राउटने भरायच्या, जमीन-भिंतीच्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई द्यायची, मग वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, एक आडवा आणि एक उभा. भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्यापर्यंत. वाळलं की नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरायचं आणि ४८ तास कुणी हात लावायचा नाही. मिस्त्री तोंडात चिंधी कोंबतो, ती हळूहळू झिरपते, पाणी उतरतं, आणि मग 'साहब, सूख गया होगा'. या वाक्यावर एक स्वस्त उपाय आहे. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि तिथेच एका बादलीत पाणी भरून तिलाही रेघ मारा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते हवेत गेलं. बाथरूमचं जास्त उतरलं तर ते चिंधीतून तरी गेलंय नाहीतर खालच्यांच्या छतात. चाचणीआधी खालच्या छताचा तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे १५ वर्षांपूर्वीचा डाग तुमच्या नावावर चढणार नाही. कोबा झाल्यावर, लादीच्या आधी, हीच चाचणी पुन्हा. 'दोन-दोनदा कशाला?' असं जो वैतागून विचारतो, त्याच्याशी तिथेच गोड बोलून थांबावं.

पैशांबाबत मी कंजूष आहे. अर्धे पैसे आगाऊ मागणारा माणूस तुमच्या पैशांनी नेरूळचं अडकलेलं काम संपवतो आणि तुमचं काम खारघरच्या पैशांची वाट बघतं. आगाऊ दहा-पंधरा टक्के. पुढचे हप्ते तोडफोड, पाण्याची चाचणी, लादी असे. आणि शेवटचे दहा टक्के सगळं वापरून महिना उलटल्यावर. बिलावर १८ टक्के जीएसटी लावत असेल तर नंबर मागून पोर्टलवर पाहा. १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने, पुढची दहा अक्षरं त्याच्या पॅनची. नोंदणी रद्द झालेली दिसली, तर ते १८ टक्के सरकारला नव्हे, त्याच्या मेहुण्याच्या बाइकला जातात. ज्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे, त्याला बहुधा नोंदणीच लागत नाही. तो नंबर नाही म्हणाला तर दचकू नका.

लादी बसण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो भिंतीला टेप लावून काढायला सांगा. पाइप जमिनीपासून किती वर आणि कोपऱ्यापासून किती लांब, हे त्यात दिसलं पाहिजे. हे काम कॉन्ट्रॅक्टरसाठी नाही. टॉवेल रॉड लावायला नंतर वेगळाच माणूस येतो, आणि सगळी भिंत मोकळी असताना त्याचं ड्रिल बरोबर गिझरच्या लाइनवर टेकतं.