बॉल खिशात घालणारे आणि 'हरवलेलं बालपण' फॉरवर्ड करणारे

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांब होईल, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जा.

आज संध्याकाळी, म्हणजे आमच्या जळगावात मे महिन्यात माणूस ज्या वेळेला पहिल्यांदा घराबाहेर तोंड काढतो त्या वेळेला, कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. रबरी बॉल, विटा रचून स्टंप. बॉल टप्पा पडून एका काकांच्या गाडीच्या टायरला लागला. काचेला नाही, पत्र्याला नाही, टायरला! काका आले, बॉल उचलला, खिशात घातला आणि घरात गेले. पोरं गेटबाहेर उभी, त्यातलं एक दुसरीतलं पोरगं "काका सॉरी ना, काका सॉरी ना" करतंय. मी सांगायला गेलो तर मला म्हणे, "साहेब, बोर्ड लावलेला आहे, वाचा जरा." बोर्ड आहे हो. 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.' कुठे आहे, तर ओपन स्पेसमध्ये. प्लॉट पाडताना ती जागा सोडली कशासाठी, हे विचारायचं नाही.

हे पण एक वेळ गिळलं असतं. पण जेवायला बसलो तर कॉलनीच्या ग्रुपवर ह्याच काकांचा फॉरवर्ड. विटीदांडू, भोवरा, गोट्या, लगोरी यांचे फोटो आणि खाली 'मोबाईलने हिरावले आपल्या मुलांचे बालपण', पुढे रडके चेहरे. आणि त्यावर सगळ्यांचे अंगठे. ज्यांनी बोर्ड लावायचा ठराव केला त्यांचे पण अंगठे!

मोबाईलनं नाही हो काका. तुम्ही खिशात घालून नेलं ते.

माझं बालपण चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं गाव. ऐंशीचं दशक. आमच्या गल्लीत एक जिजी राहायची, नात्याची कोणी नाही, पण सगळ्या गल्लीची जिजी. तिच्या घरापुढे मोठं आंगण, सारवून सारवून असं घट्ट झालेलं की गोटी टाकली तर सरळ जायची, उगाच खड्याला लागून वळणार नाही. त्यामुळे गोट्यांचा डाव तिच्याच आंगणात. गोट्यांना गल लागते, म्हणजे तो छोटा खड्डा, तो आम्ही टाचेनं आणि खिळ्यानं तिच्या आंगणाच्या बरोबर मधोमध खणला. जिजी बाहेर आली, हातात खराटा. "कोनी खंदा रे हाऊ खड्डा?" आम्ही जे पळालो ते थेट मारुतीच्या पारावर. संध्याकाळपर्यंत कोणी त्या बाजूला फिरकलं नाही, कारण जिजीचा खराटा म्हणजे खराटा होता, लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जिजी आंगण सारवतेय. शेणकाल्याचा हात असा अर्धगोल फिरत फिरत येतोय आणि गलीपाशी आला की कडेनं वळून पुढे जातोय. गल तिनं बुजवली नाही. उलट बोटानं कडा चोपून गोल करून दिली. तोंडानं शिव्या चालूच, बरं का. पण ती गल आम्ही गाव सोडेपर्यंत तिथेच होती आणि दर सारवणाला जिजीचा हात तिला वळसा घालून जायचा.

हे माझ्या डोक्यातून जात नाही. आज गेटवर उभा होतो तेव्हा पण हेच डोक्यात.

आता लोक म्हणतील खेळणी कुठे राहिली पूर्वीसारखी. अरे भो, आमच्याकडे खेळणी होतीच कुठे? विकत घेतलेलं खेळणं वर्षातून एखाद वेळा, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, रथ निघतो, आणि पोरांचं लक्ष रथाकडे कमी आणि दुकानांकडे जास्त. भिरभिरं, पिपाणी, पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक, आणि ज्याचा बाप दिलदार त्याला पत्र्याची बोट. ती बोट आठवते का कोणाला? पोटात पत्र्याची चपटी टाकी, मागे दोन बारीक नळ्या. नळीतून पाणी भरायचं, टाकीखाली इवलीशी दिवली ठेवायची, वात पेटवायची. पाणी तापून वाफ झाली की नळीतलं पाणी मागे ढकललं जायचं, वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढलं जायचं, आणि टाकीचा पातळ पत्रा आतबाहेर होऊन फटफटफटफट आवाज. भौतिकशास्त्र वगैरे शाळेत नंतर आलं, आमच्यासाठी ते आगबोटीचं इंजिन होतं. आणि ती बोट सोडायची कुठे तर जिजीच्या हाळात, जिथे तिची म्हैस पाणी प्यायची. म्हैस तहानलेली, दावं ओढतेय, जिजी दावं धरून उभी, आम्हाला आटपा म्हणून ओरडतेय, पण बोट एक चक्कर पूर्ण करेपर्यंत म्हैस सोडली नाही बाईनं.

बाकी सगळं रानातलं. आमच्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं नवं साल लागतं, तर अखाजी झाली, कामं जरा सैल असली की तात्या कडब्यातून ज्वारीचा एक जाड धांडा ओढायचे आणि सालटं दातानं सोलायचे. आपण सोललं की ओठ कापतो, त्यांचा कधी कापला नाही. आतलं पांढरं भेंड, मऊ, हलकं. त्याचे तुकडे करायचे, सालट्याच्या बारीक काड्या टोचून एकमेकाला जोडायचे. सालटं गोल वाकवून दोन्ही टोकं भेंडात खुपसली की चाक. वर साटी, पुढे धुरी, जू, आणि जुवाला दोन भेंडाचे बैल, त्यांना काड्यांची शिंगं. तात्या शिंगं लावताना विचारायचे, बैल खिल्लारी पाहिजे का गावरान, आणि तशी शिंगं वाकवायचे. संध्याकाळपर्यंत मोडायची ती गाडी. मग रडारड आणि उद्या दुसरी.

केळीच्या पानाचा दांडा घ्यायचा, वरून ओळीनं काप द्यायचे, ते उभे करून हात फिरवला की फाडफाड आवाज, झाली बंदूक. कापूस वेचून घरात यायचा तेव्हा एक अख्खी खोली छताला लागेपर्यंत भरलेली, त्यात उड्या मारायच्या, भुयार करून एका कोपऱ्यातून शिरायचं दुसऱ्यातून निघायचं, अंगाला खाज, नाकात तंतू, आणि बाहेर आल्यावर मार. आता कापूस शेतातून थेट गाडीत जातो, कोण घरात भरतो.

१९८७ ला टीव्हीवर रामायण लागलं तेव्हा गावात टीव्ही असे किती, पण सोमवारपर्यंत सगळ्या गावात धनुष्यबाण. बांबूच्या कांबटीचं धनुष्य आणि तुराटीचे बाण. आमच्यातल्या एकाचा डोळा थोडक्यात वाचला, भुवईवर खूण अजून आहे. ते धोक्याचं होतं, मान्य. आता १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा केलाय, चांगलंच केलं, बारकी पोरं सगळं तोंडात घालतात. पण मार्कवालं महागडं खेळणं आणून दिलं की बापाचं काम संपलं असं नाही ना. ते घेऊन खेळायचं कुठे? हॉलमध्ये? खाली 'आवाज येतो' म्हणून फोन येतो.

आमच्या कॉलनीचंच सांगतो. ओपन स्पेसच्या एका बाजूला मंदिर बांधलं. मंदिराला माझा विरोध नाही, मी पण वर्गणी दिलीय. मग ग्रीन जिम आली, तिच्यावर सकाळी चार माणसं लटकतात आणि दिवसभर कपडे वाळतात. मग लॉन, लॉनवर पाय ठेवायचा नाही. उरलेल्या तुकड्यात ज्यांच्या घरी दोन दोन गाड्या त्यांचं पार्किंग. निंबाच्या झाडाला अखाजीला झोका बांधायचे तर मागच्या वर्षी फांदी मोडेल म्हणून तोही बंद. अखाजीला झोका नाही! खान्देशात! आणि मग म्हणायचं टर्फवर जा, तिथे तासाच्या हिशोबानं पैसे.

आणि बाकावर बसून हीच मंडळी रोज संध्याकाळी काय करतात? मोबाईलवर लुडो. आवाज मोठा ठेवून. तो लुडो पण आपल्या पचिशीवरून उचलून इंग्रजांनी १८९६ ला पेटंट केलेला. आमच्या गावाला मारुतीच्या पाराच्या दगडावर अष्टा-चंग्याचा पट कोरलेला होता, चिंचोके फोडून फासे, आणि म्हातारे खेळायला बसले की पोरांना पण एक घर द्यायचे. हे लोक पोरांना बाकावर पण बसू देत नाहीत.

गाड्या वाढल्या, काचा महाग झाल्या, कोणाचं बीपी असतं, कोणाला दुपारी झोप लागते, हे सगळं खरं आहे. असू दे खरं. जिजीच्या घरात पण तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला होता. आम्ही ओरडलो की ती फक्त दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, "खेया, पन कल्ला करू नका." आम्ही कल्ला करायचोच. तरी तिनं गल बुजवली नाही. एवढंच म्हणणं आहे माझं, दुसरं काही नाही. पोरांना खेळणी देऊ नका, खेळ शिकवू नका, 'पारंपरिक खेळ महोत्सव' तर अजिबात भरवू नका बॅनरवर फोटो छापून. फक्त सारवताना तेवढी गल सोडा.

इथपर्यंत टाईप केलं आणि ताईला वाचून दाखवायला फोन केला. ती सध्या धुळ्याला असते. मला वाटलं रडेल, तर म्हणते, "तुझं बरं आहे रे, गोट्या खेळलास तू. आम्ही आंगणात यायचो ते पाणी भरायला नाहीतर तुला जेवायला बोलवायला." थोडा वेळ मला काही बोलताच आलं नाही. कारण जिजीच्या आंगणात ताई खेळताना मला आठवतच नाही. ती ओट्यावर बसून सागरगोटे खेळायची, ते पण एका हातानं, दुसऱ्या हातावर मी नाहीतर धाकटा.

मग तीच म्हणाली, "आमचा महिना वेगळा होता." गुलाबाईचा, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या सणाचा. भाद्रपद पौर्णिमेला मातीची गुलाबाई बसायची ती कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी पोरी ह्या घरून त्या घरी, गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी डबा खुळखुळवून खाऊ ओळखायचा. ताई म्हणे जिजीचा खाऊ कोणाला कधी ओळखता यायचा नाही, कारण ती डब्यात वर फडकं कोंबायची, आवाजच येऊ द्यायची नाही, आणि पोरी सगळं संपेपर्यंत बसून राहाव्या म्हणून मुद्दाम चुकीच्या खुणा सांगायची. गल्लीतल्या सगळ्या पोरी रात्री नऊपर्यंत बाहेर, आणि कोणाची आई बोलवायला यायची नाही, कारण जिजीकडे आहेत म्हटल्यावर विषय संपला. हे मला माहितीच नव्हतं, पोरांना तिथे थारा नसायचा.

तर ताईच्या सांगण्यावरून असं ठरलंय की यंदा गुलाबाई आमच्या घरी बसणार. मूर्ती तीच आणणार आहे. कॉलनीतल्या पोरी या, पोरं पण आली तरी चालतील, ताईची हरकत नाही. खाऊ मी करणार नाही, बायको म्हणाली तू केलास तर कोणी ओळखायला बसणार नाही. आवाज रात्री नऊपर्यंत होईल, ज्यांना त्रास होईल त्यांनी आत्ताच ग्रुपवर सांगा, मी तिथेच उत्तर देतो.