ग्राइंडर म्हणजे वर्कशॉप नव्हे

घरी सुतारकाम शिकू पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या फार फिरतोय. कधी व्हॉट्सॲपवर, कधी अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये. शब्द बदलतात, मतलब एकच. चार इंची अँगल ग्राइंडर (हातात धरायचं, चकती गरागरा फिरवणारं मशिन) घ्या, झालं तुमचं वर्कशॉप. लाकडाची चकती लावली की कापतो, फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावली की घासतो, दगड लावला की पटाशीला (लाकडाच्या छिन्नीला) धार काढतो, उलटा करून फळीखाली बांधला की टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली करवत). सुतार हेच तर करतात. रंधे-पटाशा आजोबांच्या जमान्यातल्या, त्यांची निगा कोण राखत बसणार? इथे चकती झिजली की नवी चढवायची, विषय संपला. आणि हे सगळं दोन-तीन हजारांत.

ग्राइंडर वाईट नाही. माझ्याकडेही आहे. लोखंडी अँगल कापून बाकाचे पाय करायचे असोत, नाहीतर गंजून बसलेला बोल्ट उडवायचा असो, त्याला तोड नाही. 1954 साली एका जर्मन कंपनीने (आज ती फ्लेक्स नावाने ओळखली जाते) हे मशिन बाजारात आणलं तेही लोखंडाच्या कामासाठीच. माझी तक्रार त्याला लाकडाला जुंपण्याबद्दल आहे. आता एकेक दावा घेऊ.

‘लाकडाची चकती लावली की कापतो’

कापतो, यात शंका नाही. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. 100 मिमी व्यासावर हिशेब करा, चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. पण नुसत्या वेगाचा बाऊ करण्यात अर्थ नाही. सात इंची सर्क्युलर सॉच्या (हातात धरायच्या विजेच्या करवतीच्या) पात्याची कडही याच्या फार मागे नसते. खरा फरक वेगळाच आहे. सर्क्युलर सॉला सपाट बूड असतं, ते लाकडावर टेकलं की पातं सहसा तिरकं होत नाही. खालचं गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) स्प्रिंगवर असतं, कट संपला की आपोआप पात्यावर येतं. बोट उचललं की वीज तुटते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ग्राइंडरना मात्र सरकतं बटण असतं. पुढे ढकललं की ते तिथेच अडकतं. म्हणजे मशिन हातातून निसटलं तरी जमिनीवर चालूच.

त्यात चकतीची भानगड आहे. 100 मिमीच्या ग्राइंडरला 16 मिमी भोकाची चकती बसते. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी म्हणून जे कार्बाइड दातांचं पातं सहज मिळतं ते 110 मिमीचं, 20 मिमी भोकाचं असतं, कारण ते मार्बल कटरसाठी, म्हणजे फरशी कापायच्या मशिनसाठी, बनवलेलं असतं. आता पातं गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्ड काढलं जातं. भोक मोठं पडतं, म्हणून मध्ये रिंग किंवा वॉशर कोंबला जातो. तो केसभर जरी एका अंगाला बसला, तरी 11,000 फेऱ्यांना मशिन हातात थरथरायला लागतं. रीलमध्ये ही जोडणी तीन सेकंदांत उरकलेली असते.

याहून मोठा मुद्दा दातांचा. घासणारी चकती कणाकणाने खरवडते. दात मात्र लाकडात रुततो. सागवानाची किंवा बाभळीची फळी उभी चिरताना आतला ताण सुटतो आणि कापलेली फट मिटू बघते. फट पात्याला आवळते, पातं थांबतं, पण मोटरचा जोर कुठेतरी जाणारच. अशा वेळी मशिन धरणाऱ्याच्या अंगावर उसळतं. जुनं दारखिडकीचं लाकूड असेल तर आत मोडून राहिलेला खिळा असतोच. त्यावर कार्बाइडचा दात आपटला की तो तुटून कुठे जाईल याचा नेम नाही. हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल, तर ग्राइंडरच्या खोक्यातला सूचनांचा कागद उघडा. दातांचं करवतीचं पातं किंवा साखळीची चकती लावू नका, मशिन उसळतं आणि ताबा सुटतो, अशी ताकीद त्यात छापलेली असते. तो कागद आपण खोक्यासकट भंगारात देतो, ती गोष्ट वेगळी.

हातकरवत धारदार असेल तर चार इंच रुंद, एक इंच जाड पाइनची फळी आडवी कापायला मिनिटसुद्धा लागत नाही. घरच्या कामात असे कट किती असतात? एका स्टुलाला पंधरा-वीस.

‘उलटा बांधला की टेबल सॉ’

खऱ्या टेबल सॉमध्ये पात्याच्या पाठीमागे एक उभी पोलादी पट्टी असते. ती कापलेल्या फटीत शिरते, फट मिटू देत नाही आणि लाकडाला पात्याच्या मागच्या दातांवर चढू देत नाही. ते दात खालून वर येत असतात. लाकूड त्यांच्या तावडीत सापडलं तर फळी सरळ पोटात येते. या जुगाडात ही पट्टी नसते, पात्याला समांतर राहून फळीला आधार देणारी फेन्स नसते, हाताशी बंद करायचं बटणही नसतं. ते फळीच्या खाली असतं. आणि एवढं करून मिळतं काय? चार इंची चकतीतून मधला नट आणि फ्लँज (चकती पकडणारी तबकडी) वजा करा, वरची फळी वजा करा. वर डोकावतं जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पातं.

‘सुतार हेच करतात’

हा युक्तिवाद सर्वांत जास्त पटतो, म्हणून थोडं थांबून बघू. आपल्या घरी फर्निचर करायला येणारा सुतार बहुतेक वेळा मार्बल कटर वापरतो, ग्राइंडर नाही. लांबून दोन्ही सारखेच ओरडतात, पण मार्बल कटरला टेकायला बूड असतं, कटची खोली ठरवता येते, गार्ड जागेवर असतं. तोही लाकडासाठी बनवलेला नाही, त्यामुळे मी त्याची शिफारस करणार नाही. तरी या दोघांत अंतर आहेच.

दुसरं असं की सुतार दिवसभर कापतो ते प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले तक्ते). प्लायच्या थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, त्यामुळे ते भरीव लाकडासारखं पात्याला आवळत नाही. तुम्ही यूट्यूब बघून सागवानाची फळी चिरायला घेता, तेव्हा त्याचा अनुभव तुम्हाला लागू पडत नाही. आणि त्याला चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे मिळतात. वेळ वाचवण्यासाठी तो जो धोका पत्करतो, तो रविवारी दुपारी पुस्तकांचं कपाट करणाऱ्याने कशासाठी पत्करायचा? त्यालाच विचारून बघा, हाताखालच्या नव्या पोराला पहिल्या वर्षी हे मशिन देतो का म्हणून.

‘घासायलाही तोच’

80 नंबरची (नंबर लहान तितका कागद खरखरीत) फ्लॅप डिस्क लाकडावर टेकवली की अर्धवट चंद्रासारखे चर पडतात. कच्च्या लाकडावर ते दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात फिरला की सगळे उठून येतात. प्लायचा वरचा थर तर मिलिमीटरभरही जाड नसतो. एका ठिकाणी क्षणभर रेंगाळलात की खालचा थर दिसतो, आणि त्यावर इलाज नाही.

पण फिनिशपेक्षा मला धुळीची काळजी जास्त आहे. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलं आहे. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांना धोका जास्त. ग्राइंडरला धूळ गोळा करायची पिशवी नसते, उलट तो पंख्यासारखी ती घरभर उडवतो. बंदिस्त बाल्कनीत हे करणं म्हणजे कमालच. घासायचंच असेल तर पिशवी असलेला ऑर्बिटल सँडर घ्या, तोंडाला मास्क लावा. नाहीतर रंधा. रंध्यातून धूळ उडत नाही, सालपटं निघतात, ती झाडूने गोळा होतात. रात्री दहा वाजता रंधा मारला तर वरच्या मजल्यावरून फोनही येत नाही.

‘धार लावायलाही तोच’

सगळ्यात जास्त हत्यारं याच सल्ल्याने वाया जातात.

पटाशीचं किंवा रंध्याच्या पात्याचं साधं कार्बन पोलाद आधी कडक केलेलं असतं, मग पुन्हा मापात तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. हे दुसरं तापवणं साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. नंतर कधीही पोलाद त्याच्या बरंच वर तापलं की कडकपणा उतरतो, आणि तो नुसत्या धार लावण्याने परत येत नाही. ग्राइंडरच्या चकतीवर पटाशीची कड तापायला काही सेकंद पुरतात, कारण कड म्हणजे पोलादाचा सगळ्यात पातळ भाग, उष्णता पळून जायला जागाच नाही. डोळ्यांनी बघता येतं. आधी गवताच्या वाळक्या काडीसारखा पिवळसर रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांजवळ मोरपिशी निळा. निळा दिसला की तेवढा भाग गेला. दिसायला धार असते, पण शिसमावर चार ठोके दिले की कड दुमडते. मग लोक म्हणतात, ‘आजकालचं पोलादच हलकं.’ कंपनीला दोष देण्याआधी कडेचा रंग बघावा. ड्रिलच्या हायस्पीड स्टीलच्या बिटा याहून कितीतरी जास्त उष्णता सोसतात. त्या ग्राइंडरवर निभावतात, त्यावरून पटाशीचा अंदाज बांधू नये.

मग करायचं काय? दोन बाजूंचा धारेचा दगड घ्या, एक बाजू जाड, एक बारीक. दगडाचा तुटवडा नाही. आपल्याकडे घासायच्या दगडांचा कारखाना उरणजवळ मोऱ्याला 1941 मध्येच निघाला होता. दगडही नको असेल तर जाड काचेच्या तुकड्यावर 400, 1000 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) पाण्याने चिकटवा.

आधी पटाशीची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, दगडावर पालथी घालून घासा. सगळी घासायची गरज नाही, कडेजवळचा बोटभर भाग आरशासारखा झाला की पुरे. धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे भेटतात ती रेषा. एक बाजू खडबडीत असेल तर दुसरीवर कितीही घाम गाळा, रेषा खडबडीतच राहणार. नवीन पटाशीचीही पाठ करावी लागते, कारखान्यातून ती मशिनचे ओरखडे घेऊनच येते. हे काम एकदाच. मग उतार साधारण 25 अंशांचा ठेवून अगदी टोकाशी 30 अंशांवर दहा-पंधरा हात मारा. पाठीवरून बोट आडवं, कडेच्या बाहेरच्या दिशेने फिरवा. संपूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली म्हणजे पोलाद कडेपर्यंत घासलं गेलं. खरखर मध्येच तुटत असेल तर तिथे अजून पोचला नाहीत. ती लागेपर्यंत बारीक दगडाकडे जाऊ नका. शेवटी बारीक बाजूवर दोन्हीकडून हलके हात आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलटा ओढा. पाइनच्या तुकड्याच्या आडव्या, म्हणजे कापलेल्या तोंडावर पटाशी दाबून बघा. लाकूड चुरडलं तर धार नाही, मेणासारखं कापलं तर आहे.

एकदा बसलेली धार मोडायच्या आत दोन मिनिटं दगडावर फिरवली की काम चालू राहतं. पात्याला खोल खळगा पडला असेल तर मात्र मोटरवर घासावं लागतं. ते मंद गतीच्या बेंच ग्राइंडरवर, दर दोन-तीन सेकंदांनी पात्याला पाण्यात बुडवत.

‘देखभालीची कटकट नाही’

ग्राइंडरला देखभाल लागते, फक्त ती कोणी सांगत नाही. कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे तुकडे) झिजतात, गिअरचं ग्रीस सुकतं, आणि लाकडाची बारीक धूळ हवेच्या जाळीतून आत जाऊन बेअरिंगची वाट लावते. हातहत्यारांना लागतं काय? शिलाई मशिनचं तेल लावलेली चिंधी. काम संपलं की पुसायचं, ठेवायचं. जवसाचं तेल मात्र लोखंडावर नको, ते सुकून चिकट थर धरतं. डब्ल्यूडी-40 गंज सोडवायला ठीक, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टची हवा काढायची तर त्याच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात हत्यारं प्लायच्या बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. चामड्याच्या म्यानात तर मुळीच नको, चामडं ओल धरून ठेवतं.

गंज चढलाच तर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करून तेल लावा. सोडा विसरलात तर उरलेल्या आम्लाने संध्याकाळपर्यंत नवा गंज येतो.

‘दोन-तीन हजारांत सगळं’

तेवढ्याच पैशांत हातकरवत, 6, 12 आणि 25 मिमीच्या तीन पटाशा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), दोन क्लॅम्प आणि धारेचा दगड येतो. एवढ्यावर खाच-कुसूचा सांधा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेला जोड, होतो. ग्राइंडरवर तो होत नाही, हे त्या रीलमध्ये कुठेच येत नाही. 40 किंवा 108 नगांच्या टूलकिटच्या वाटेला जाऊ नका, त्यातले निम्मे नग मोटारसायकलचे असतात.

राहिला रंधा. नवा लोखंडी घेतला तर बजेट वाढतं, म्हणून जुना शोधा. मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार. वरचा गंज बघून नाक मुरडू नका, तो निघतो. पातं बाहेर काढून पाठ बघा. कडेजवळ गंजाने खोल टिपके पाडले असतील तर ते पातं सोडा, तिथे धार बसणार नाही. पात्याची लांबी त्याच्या मधल्या खाचेपुढे निदान दोन बोटं उरलेली हवी. मग रंधा उलटा करून तोंडाजवळ, जिथून पातं बाहेर येतं तिथे, उजेडात नीट बघा. बिडाचा रंधा एकदा हातातून पडला की तिथेच केसासारखी चीर जाते. विकणाऱ्याने त्यावर काळा रंग मारला असेल तर नखाने खरवडून बघा.