रिलेवरचा डायोड काढू नका

‘इलेक्ट्रॉनिक्सचं गणित उगाच अवघड करून ठेवलंय. कॉइल म्हणजे गुंडाळलेला रेझिस्टर. मीटरने ओहम मोजा, ओहमचा नियम लावा, झालं. रिलेवरचा उलटा डायोड हा फुकटचा खर्च. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स दुप्पट. रेझिस्टरचे ओहम बघा, वॅट बघायची गरज नाही.’

हा संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग माझ्या सर्किटमधला डायोड काढून टाकू?’ नाही, अजिबात नाही. शिकणारी मुलं अशा वाक्यावर विसावून सोल्डरिंग आयर्न हातात घेतात, म्हणून आधी डायोडचंच, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या त्या भागाचंच बोलतो.

रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच. १२ व्होल्टचा लहान रिले घ्या. त्याच्या कॉइलचा रोध साधारण ४०० ओहम. १२ भागिले ४०० म्हणजे ३० मिलिअँपिअर. इथवर संदेशातलं गणित बरोबर आहे, कबूल. डीसी करंट स्थिर वाहत असेल तर कॉइल रेझिस्टरसारखीच वागते. पण रिले लावतात तो चालू-बंद करण्यासाठी. कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बंद झाला की ते ३० मिलिअँपिअर शून्यावर यायला हवेत, आणि कॉइल नेमका त्यालाच विरोध करते. हा विरोध किती, ते सांगणारं माप म्हणजे इंडक्टन्स. तिच्या टोकांवर येणारं व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंट बदलण्याचा वेग. इंडक्टन्स ०.१ हेन्री धरा आणि करंट १० मायक्रोसेकंदांत संपतो असं धरा. ०.१ गुणिले ०.०३, भागिले ०.००००१. उत्तर ३०० व्होल्ट! पुरवठा फक्त १२ व्होल्टचा असताना. शिकाऊ सर्किटांत हमखास दिसणाऱ्या बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची कलेक्टर आणि एमिटर या दोन टोकांमधल्या व्होल्टेजची मर्यादा ४५ व्होल्ट आहे. म्हणजे प्रत्यक्षात ३०० व्होल्ट गाठण्याआधीच त्याचं ब्रेकडाउन होतं, म्हणजे बंद असूनही त्यातून करंट वाहतो, आणि कॉइलमधली सगळी ऊर्जा त्याच्यात उतरते, दर वेळी रिले बंद करताना.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आमचं डायोडशिवाय चालतंय की.’ चालत असेल. कॉइलमधली ऊर्जा थोडी असते, ट्रान्झिस्टर पहिल्याच फटक्यात जाईल असं नाही. पण तोच झटका शेजारच्या मायक्रोकंट्रोलरपर्यंत, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या चिपपर्यंत पोचतो, तो मधूनच रीसेट होतो, आणि माणूस प्रोग्राममधली चूक शोधत बसतो. एक वन एन ४००७ डायोड कॉइलला समांतर लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. करंटला फिरायला वाट मिळते आणि कलेक्टरवरचं व्होल्टेज १२.७ च्या आसपास थांबतं. डायोडमुळे रिले सुटायला किंचित उशीर होतो, हे खरं. जिथे तो उशीर चालत नाही तिथे डायोडबरोबर झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा करंट जाऊ देणारा डायोड) जोडतात. जागा रिकामी सोडत नाहीत.

एसीचं तर विचारूच नका. तिथे कॉइलचा विरोध फ्रीक्वेन्सीवर ठरतो: २ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले इंडक्टन्स. १ हेन्रीची कॉइल ५० हर्ट्झला ३१४ ओहम विरोध करते, आणि मीटरवरच्या ओहममध्ये हा आकडा कुठेच दिसत नाही.

वेढ्यांच्या मुद्द्यावर हॅरल्ड व्हीलर यांचं १९२८ चं सूत्र पुरेसं आहे. हवेच्या गाभ्याच्या एकथरी कॉइलसाठी ते आजही वापरतात. त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले (९ गुणिले त्रिज्या अधिक १० गुणिले लांबी). मापं इंचात, उत्तर मायक्रोहेन्रीत. कॉइल त्रिज्येच्या ०.८ पटीहून लांब असेल तर चूक सुमारे एक टक्क्याच्या आत राहते. अर्धा इंच त्रिज्या, एक इंच लांबी, २० वेढे: ६.९ मायक्रोहेन्री. तेवढ्याच लांबीत ४० वेढे बसवले तर २७.६, म्हणजे चौपट. रेडिओच्या ट्यूनिंग सर्किटमध्ये कॅपॅसिटर तोच ठेवला तर यामुळे फ्रीक्वेन्सी निम्मी होते.

संदेश लिहिणाऱ्याचा गोंधळ कुठून आला असावा, तेही याच सूत्रात दिसतं. वेढे एकमेकांना चिकटून गुंडाळले तर वेढ्यांबरोबर लांबीही दुप्पट होते. मग ४० वेढ्यांना १६.३ मायक्रोहेन्री, म्हणजे सुमारे २.४ पट. कॉइल खूप लांब असेल तर हा आकडा दोनच्या जवळ जातो. एवढ्या एका परिस्थितीपुरतं ते वाक्य जेमतेम तग धरतं. त्याला नियम म्हणता येत नाही.

राहिले वॅट. १२ व्होल्टवर लाल एलईडी, तिच्यावर २ व्होल्ट पडतात, करंट २० मिलिअँपिअर हवा. १० भागिले ०.०२ म्हणजे ५०० ओहम, बाजारात मिळणारा जवळचा ४७०. त्यात ०.२१ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा रेझिस्टर इथे काठावर तापत राहतो, म्हणून अर्ध्या वॅटचा घ्यायचा. तोच पाव वॅटचा १०० ओहमचा रेझिस्टर थेट १२ व्होल्टवर लावला तर १.४४ वॅट होतात. तो जळतो.