पहिल्यांदाच ओव्हल शर्यत बघणार? मग सगळ्यात लांबलचक शर्यतीलाच जा

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. मे महिना जवळ आला की "तुमच्या शार्लटला ती गाड्यांची शर्यत असते ना, एकदा बघायचीय" असे मेसेज यायला लागतात. पाठोपाठ पुढचं वाक्य ठरलेलं: "पण सहाशे मैल म्हणजे फारच होतंय हो, एखादी आटोपशीर नाही का?" नॅसकार म्हणजे या गाड्यांच्या शर्यती भरवणारी अमेरिकन संघटना, बहुतेक शर्यती ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅकवर. तिचे इथले जुने चाहतेसुद्धा नवख्यांना साधारण हेच सांगतात. ब्रिस्टलला नाहीतर मार्टिन्सव्हिलला जा, अर्ध्या मैलाचा ट्रॅक आहे, गाड्या एकमेकींना घासतात, धमाल येते. मला हे पटत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार, शहीद सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) आदल्या दिवशी, रविवारी, कोका-कोला ६००लाच जा. नॅसकारची ही सगळ्यात लांब शर्यत. ४०० फेऱ्या, म्हणजे ९६५ किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा.

पुण्याहून आलेला माझा मेहुणा म्हणाला होता, "दाजी, सोळाशे वेळा डावीकडे वळायचं, यात बघायचं काय?" हिशेब त्याचा चोख होता, एका फेरीत चार वळणं. पण खरी अडचण वेगळीच असते. नवख्या माणसाला पहिला तासभर काही म्हणजे काही कळत नाही. दीड मैलाचा ट्रॅक, चाळीसच्या आसपास गाड्या, एक फेरी साधारण तीस सेकंदांत. डोळ्यांपुढून नुसता रंगांचा पट्टा जातो आणि छातीत धडधडतं. पहिला कोण, फेरीभर मागे पडलेला कोण, समोर झुंजणारे दोघे तिसऱ्या नंबरासाठी झुंजतायत की तेविसाव्या, पत्ता लागत नाही. छोट्या शर्यतीत हे जरा कुठे उमजायला लागतं आणि तेवढ्यात शेवटच्या फेऱ्या आलेल्या असतात. ६००मध्ये तुम्हाला शिकायला वेळ मिळतो. नॅसकारच्या इतर बहुतेक शर्यती तीन टप्प्यांत असतात, ही चार टप्प्यांत, शंभर-शंभर फेऱ्यांच्या. पहिला टप्पा सरळ भांबावण्यात घालवा, काही बिघडत नाही.

लांबीमुळेच आणखी एक गोष्ट घडते. शर्यत संध्याकाळी सहाच्या सुमारास उन्हात सुरू होते आणि रात्री दिव्यांखाली संपते. तापलेल्या डांबरावर टायरची पकड कमी, गार पडल्यावर जास्त. त्यामुळे उन्हात जी गाडी सुसाट होती तीच रात्री अडखळते, आणि मधल्या गर्दीत हरवलेली एखादी हळूहळू वर सरकते. २०२५ साली विल्यम बायरनने ४०० पैकी २८३ फेऱ्या आघाडीवर काढल्या. जिंकला कोण? रॉस चॅस्टेन. त्याची मूळ गाडी सरावात आपटली होती, रातोरात दुसरी तयार केली, नियमाप्रमाणे ४०व्या, म्हणजे अगदी शेवटच्या जागेवरून सुटला आणि शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या असताना बायरनला मागे टाकलं. फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या शेतकरी घराण्यातला हा गडी. जिंकला की गाडीवर उभा राहून कलिंगड ट्रॅकवर आपटतो, आपण नव्या गाडीपुढे नारळ फोडतो तसा. एवढ्यासाठी तरी तो जिंकावा असं मला दरवेळी वाटतं.

आता खर्चाचं. पैसे वाचवायचे तर हॉटेलवर वाचवा, स्कॅनरवर नको. स्कॅनर म्हणजे हेडफोन लावायचा छोटा रेडिओ, ट्रॅकवर भाड्याने मिळतो. त्यावर ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (टीमचा मुख्य तंत्रज्ञ) आणि स्पॉटर यांचं बोलणं थेट ऐकू येतं. स्पॉटर उंच गच्चीवर उभा राहून ड्रायव्हरचे डोळे बनलेला असतो: "इनसाइड... अजून इनसाइड... क्लिअर." ड्रायव्हर वैतागून सांगतो, गाडी 'टाइट' आहे, म्हणजे पुढची चाकं वळायलाच तयार नाहीत. किंवा 'लूज' आहे, म्हणजे मागचा भाग निसटतोय. मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, दहा-अकरा सेकंदांत चार टायर बदलले जातात, पेट्रोल पडतं, हवेचा दाब थोडा इकडेतिकडे होतो, आणि परत ट्रॅकवर गेल्यावर तोच माणूस म्हणतो, आता उलटंच झालं! हे ऐकताना शर्यत बुद्धिबळासारखी उलगडते. माझा आग्रह असा की पहिल्या नंबरवाल्याला ऐकू नका. त्याचं सगळं बरं चाललेलं असतं, तो कशाला बोलेल? पंधराव्या-सोळाव्या नंबरवरचा एक ड्रायव्हर धरा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यालाच धरून बसा. त्याच्या गाडीचा रंग आणि नंबर आदल्या दिवशी मुलांकडून पाठ करून घ्या.

जागा वरच्या रांगेत घ्या. खाली कुंपणाजवळची तिकिटं स्वस्त दिसतात, पण तिथून जाळीतून सर्रकन गेलेली गाडी दिसते, बाकी ट्रॅक नाही, आणि झिजलेल्या टायरचे रबरी कण अंगावर येतात ते वेगळंच. ओव्हलचा सगळा फायदाच हा की वर बसलं की पूर्ण मैदान एका नजरेत येतं. फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर चौपट पैसे मोजून लोक एक वळण बघतात आणि बाकीचं पडद्यावर. (ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन बघायला गेलेल्या मित्रांनो, रागावू नका.) कानांचं मात्र हलक्यात घेऊ नका. मोठ्यांना स्पंजाचे बोळे चालतील, लहान मुलांना वरून इअरमफ हवेतच. आवाजाला पोर घाबरलं की तुमची शर्यत संपली.

पावसाची गोष्ट तिकीट काढण्याआधी समजून घ्या. या ट्रॅकवर गुळगुळीत टायर असतात, पाऊस आला की शर्यत थांबते, ट्रॅक वाळवण्यात तास जातात. २००९ आणि २०२३ साली ६०० सोमवारी झाली. २०२४ची गंमत तर ऐकाच. काइल लार्सनला त्या एकाच रविवारी दुपारी इंडियानापोलिसची ५०० मैलांची आणि संध्याकाळी शार्लटची, अशा दोन्ही शर्यती पळवायच्या होत्या. तिकडे पावसाने चार तास खाल्ले. तो शर्यत संपवून विमानाने इकडे पोचला, हेल्मेट घालून तयार, आणि इकडे पाऊस सुरू! २४९ फेऱ्यांवर शर्यत संपल्याचं जाहीर झालं, क्रिस्टोफर बेल विजेता, आणि लार्सनने शार्लटला एकही फेरी मारली नाही. दोन्ही मिळून ११०० मैल पूर्ण करणारा आजवर एकच, टोनी स्टुअर्ट, २००१ साली. तात्पर्य, परतीचं विमान मंगळवारचं काढा. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असतेच, इतर बहुतेक शर्यतींना ही सोय नाही.

बाहेरगावहून येणार असाल तर शुक्रवारी सकाळी पोचा. शार्लटमधल्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये ट्रॅकचा उतार पायाने अनुभवायची सोय आहे. तो उतार वाढत वाढत ३३ अंशांपर्यंत जातो. शार्लटच्या ट्रॅकची वळणं २४ अंशांची आहेत. टीव्हीवर ती सपाट वाटतात, तिथे उभं राहिल्यावर कळतं. बहुतेक मोठ्या टीमचे कारखाने याच परिसरात आहेत, हेंड्रिक या टीमचा तर ट्रॅकपासून अगदी जवळ. शनिवारी खालच्या श्रेणीची ३०० मैलांची शर्यत असते. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना ही दाखवा आणि रविवारी घरी आराम करू द्या.

"आपल्यासारख्यांना तिथे कसं वाटेल?" हे फोनवर हळूच विचारलं जातं, म्हणून उघडच बोलतो. स्टँडमध्ये बहुतांश गोरे लोक असतात, दक्षिणेतले. पूर्वी तिथे कॉन्फेडरेट झेंडे, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे झेंडे, सर्रास फडकायचे. बबा वॉलेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने जाहीरपणे आवाज उठवला आणि जून २०२०मध्ये नॅसकारने त्यांवर बंदी घातली. ट्रॅकच्या बाहेर रस्त्यावर एखादा अजूनही दिसू शकतो, आणि दिसला की माझं डोकं फिरतं. आत मात्र शेजारचा माणूस तुमचा ड्रायव्हर कोणता एवढंच विचारतो, आणि चुकीचं नाव सांगितलंत तर त्यावरच वाद घालतो. फॉर्म्युला वनमध्ये गेलेला आपला नरेन कार्तिकेयन २०१०मध्ये नॅसकारची ट्रक मालिका खेळला, पदार्पणात मार्टिन्सव्हिलला तेरावा आला आणि चाहत्यांच्या मतदानात त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला, हेही तिथे सांगून बघा. मला लष्करी थाटाचे सोहळे एरवी फारसे रुचत नाहीत. पण ६००मध्ये प्रत्येक गाडीच्या काचेवर एका शहीद सैनिकाचं नाव असतं आणि मध्यावर सगळ्या गाड्या पिट रोडवर येऊन इंजिनं बंद करतात. ते बघायला हवं.

खाण्याची चिंता नको. काचेच्या बाटल्या सोडून स्वतःचं खाणंपिणं मऊ कूलरमधून आत नेता येतं, कूलर मात्र साधारण चौदा इंचांपर्यंतचाच, माप वेबसाइटवर बघून घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, भरपूर पाणी. शर्यत संपल्यावर पार्किंगकडे धावू नका, गाडी तासभर जागची हलत नाही. डिकी उघडा, उरलेलं खा, शेजारच्यांना चटणी द्या.

या वर्षी आम्ही काही कुटुंबं मिळून चाललोय, चौथ्या वळणाकडच्या वरच्या रांगा बघतोय. येणार असाल तर तिकीट काढायच्या आधी कळवा, म्हणजे शेजारी-शेजारी बसता येईल. आणि तुमचा ड्रायव्हर आत्ताच निवडा, चॅस्टेन माझा आहे.